अलिबागच्या किनारी बंगल्याची बाग: वारा, पाणी आणि पुळण सांभाळून आखणी

मांडवा ते आवास, सासवणे, किहीम, थळ आणि खाली आक्षी-नागावपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत टोलेजंग बंगले उभे राहिले. त्यांच्या बागा मात्र पुष्कळदा मुंबई-पुण्याच्या सोसायटीसाठी काढलेल्या नकाशावर बेतलेल्या असतात. समोर मखमली हिरवळ, कडेने विदेशी पाम, दाराशी मोगरा. डिसेंबरात फोटो छान येतात. मे महिन्यात हिरवळ पिवळी पडते, पामांच्या झावळ्या पश्चिमेच्या बाजूने करपतात आणि विहिरीचे पाणी मचूळ लागू लागते. दोष माळ्याचा नसतो, कामाचा क्रम उलटा झालेला असतो. किनाऱ्यावर आधी वारा, मग पाणी, मग माती आणि सगळ्यांत शेवटी झाड, याच क्रमाने आखणी करावी लागते. या लेखात २० गुंठ्यांचा, पश्चिमेला समुद्र असलेला, साधारण ११० फूट रुंद आणि २०० फूट खोल भूखंड डोळ्यांसमोर ठेवला आहे. तुमची जागा लहान-मोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

जागा वाचा, तीही मे महिन्यात

नकाशा काढण्यापूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान जागेवर थांबा. फेब्रुवारीपासून दुपारचा खारा वारा वायव्य-पश्चिमेकडून येतो. जूनपासून पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि त्याचा जोर कितीतरी जास्त असतो. म्हणजे फक्त समुद्राकडची बाजू झाकून भागत नाही, दक्षिणेचा कोपराही वळसा घालून झाकावा लागतो.

मिठाचा सर्वांत मोठा मारा भर पावसात होत नाही. तेव्हा पानांवरचे मीठ पाऊस धुऊन टाकतो. खरे नुकसान मेअखेरीला होते, कारण वारा वाढलेला असतो आणि पाऊस आलेला नसतो. पावसाने आठवडाभर उघडीप दिली आणि वारा चालूच राहिला, तरी तेच घडते. आजूबाजूची जुनी झाडे पाहा. समुद्राकडची बाजू कातरल्यासारखी तिरपी झालेली दिसली, तर तिथपर्यंत खारा वारा पोचतो हे नक्की.

जमीन कुठली आहे तेही तपासा. किनाऱ्यालगत पुळण, म्हणजे शिंपल्यांचा चुरा मिसळलेली वाळू. रस्त्याच्या पलीकडे गेलात की बहुधा भातखाचराची चिकणमाती, वर मुरुमाचा भराव टाकलेली. या दोन जमिनींची बाग अगदी वेगळी करावी लागते. २ फूट खोल खड्डा खणा, त्यात दोन बादल्या पाणी ओता आणि घड्याळ लावा. पुळणीत पाणी काही मिनिटांत गायब होते. भरावाच्या जमिनीत ते दुसऱ्या दिवशीही तसेच उभे असेल, तर तिथे खड्डा खणून झाड लावूच नका. त्या झाडाच्या मुळ्या पहिल्याच पावसाळ्यात कुजतील. दीड-दोन फूट उंच, ५-६ फूट रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावा.

पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) मोजायला साधा टीडीएस मीटर पुरतो. विहिरीचे पाणी ऑक्टोबरात एकदा आणि मेअखेरीला एकदा मोजा. आकडा ४५० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आत असेल तर काहीही लावा. ४५० ते २००० च्या मध्ये असेल तर झाडे निवडून लावा आणि पाणी पानांवर न उडवता मुळाशीच द्या. २००० च्या वर गेले तर त्या पाण्यावर माड, उंडी, कोयनेल अशी मोजकी झाडे तगतील, मोगरा-गुलाब नाही. फक्त ऑक्टोबरातल्या आकड्यावर विसंबून बाग आखली, तर ती उन्हाळ्यात हमखास दगा देते.

जमिनीसमोर सुरूचे बन किंवा वाळूचे टेकाड असेल तर ते तुमच्या मालकीचे नाही, हे मनाशी पक्के करा. दृश्य मोकळे करायला ते तोडू नका, सपाटही करू नका. त्या टेकाडावरची मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा वाळू धरून ठेवतात. त्या काढल्या की वाळू उडून तुमच्याच अंगणात येते. खाजणातल्या कांदळवनाला हात लावणे तर सरळ गुन्हा आहे. आपल्या हद्दीतही आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग अशी झाडे तोडायला महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ प्रमाणे परवानगी लागते. म्हणून असलेली मोठी झाडे आधी नकाशावर मांडा आणि बंगला त्यांच्या बेताने बसवा.

वाऱ्याची भिंत: सगळा जीव इथे ओता

वारा अडवायला पश्चिमेला सहा-सात फुटी भरीव भिंत बांधणे हा सर्वांत महागडा चुकीचा उपाय आहे. वारा भिंतीवरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरे घेत खाली आदळतो. भिंतीच्या मागची झाडे उघड्यावरच्या झाडांपेक्षा जास्त झोडपली जातात. वाऱ्याला निम्मी वाट द्यायची आणि निम्मा अडवायचा. साधारण ४०-५० टक्के पोकळ असलेली झाडांची रांग आपल्या उंचीच्या दहापटीपर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते, आणि त्यातही तीन ते पाच पट अंतरापर्यंत आसरा उत्तम मिळतो. २५ फूट उंच रांग म्हणजे ७५ ते १२५ फुटांपर्यंतची चांगली बाग. २०० फूट खोल भूखंडात घर आणि पुढचे अंगण यात बसून जाते. सुरक्षेसाठी भिंत हवीच असेल तर ३ फूट जांभ्याचा गडगा घाला, वर जाळी लावा आणि आतल्या बाजूने झाडे.

पश्चिमेच्या हद्दीपासून २५ ते ३० फुटांचा पट्टा या कामासाठी सोडा. जमिनीची किंमत पाहता हे जिवावर येते, पण पट्टा सोडला नाही तर मागच्या सगळ्या बागेवरचा खर्च वाया जातो. पट्ट्यातल्या झाडांची उंची समुद्राकडे कमी आणि घराकडे चढती ठेवा, म्हणजे वारा उतारावरून वर सरकतो.

पहिली ओळ बुटक्या झुडपांची. भद्राक्ष आणि कोयनेल, म्हणजेच वनजाई, ३-३ फुटांवर, दोन ओळींत, एकाआड एक. ११० फूट रुंदीला साधारण ७५ रोपे लागतील. कोयनेल कात्रीला चांगले वळते आणि खाऱ्या तुषारांना जुमानत नाही. गुरे शिरण्याचा त्रास असेल तर मधूनमधून सागरगोटा लावा, त्याच्या काट्यांतून कोणी येत नाही. केवडाही इथलाच, पण तो पसरतो आणि पानांच्या कडा करवतीसारख्या असतात. म्हणून वाटेपासून लांब, कोपऱ्यात लावा.

दुसरी ओळ १२-१५ फुटी. भेंड, म्हणजे पारसपिंपळ, ८-८ फुटांवर, मध्ये कण्हेर. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो. घरात लहान मुले किंवा पाळीव जनावरे असतील तर कण्हेर गाळून बोगनवेल झुडपासारखी वाढवा.

तिसरी ओळ उंच झाडांची. उंडी आणि करंज, १५-१६ फुटांवर, दुसऱ्या ओळीतल्या फटींच्या मागे येतील अशी. सात-आठ झाडे पुरतात. उंडीची वाढ धिमी असते, पण तिच्या जाड, चकचकीत पानांवर मीठ टिकत नाही आणि खोड वादळात सहजी मोडत नाही. घाई असेल तर उंडीच्या मध्ये तात्पुरते सुरू लावा. सुरू दोन-तीन वर्षांत आडोसा देतो, उंडी सावरली की तो काढून टाका. सुरू कायमचा ठेवायचा असेल तर तो घरापासून स्वतःच्या पूर्ण उंचीपेक्षा लांब हवा, कारण वाळूत त्याची मुळे उथळ राहतात आणि तो मुळासकट उलटतो.

समुद्र तर दिसायला हवाच. त्यासाठी रांगेला सरळ खिंडार पाडू नका, त्या फटीतून वारा जास्तच जोराने घुसतो. उंच झाडांच्या खालच्या फांद्या ७-८ फुटांपर्यंत काढून खोडांमधून दृश्य मोकळे करा आणि तिथली झुडपे कमरेएवढी ठेवा. ओट्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची मोजूनच छाटणीची रेषा ठरवा. मोकळी खिडकी हवीच असेल तर ती नैर्ऋत्येला नको, वायव्येकडे तिरपी काढा.

रोपे लहान घ्या, दीड-दोन फुटांची, पिशवीतली. १२ फुटी तयार झाड आणून लावले की दाराची शोभा लगेच वाढते, पण त्याची मुळे पिशवीच्या आकारात गोल फिरलेली असतात आणि वरचा डोलारा मोठा असतो. पहिल्या वादळात तेच आडवे होते. पिशवी फाडल्यावर मुळे तळाशी वेटोळे घालून बसलेली दिसली, तर धारदार सुरीने तीन-चार ठिकाणी उभी चीर द्या.

पहिली दोन वर्षे या रोपांनाही आडोसा लागतो. समुद्राच्या बाजूला ६ फूट उंच, ५० टक्क्यांचे शेडनेट बांबूवर ताणा. बांबू ६-६ फुटांवर, दीड-दोन फूट जमिनीत, आणि जाळी जमिनीपासून अर्धा फूट वर. गावात माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप मिळाले तर ते शेडनेटपेक्षा उत्तम. खिळखिळे झाले की तिथेच आच्छादन म्हणून पसरता येतात.

पाणी: विहीर किती देईल यावर हिरवळ ठरते

किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ हिशेब असा, की समुद्रपातळीच्या वर १ फूट गोडे पाणी असेल तर खाली सुमारे ४० फूट गोड्या पाण्याचा थर उभा असतो. उलट बाजूने पाहा. उपशाने पातळी १ फूट उतरली की खारे पाणी खालून ४० फूट वर चढू शकते. म्हणून समुद्राजवळ खोल बोअर मारणे म्हणजे खाऱ्या पाण्याला आपण होऊन वाट करून देणे. उथळ विहीर ठेवा, लहान पंप बसवा, फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळीच्या तोंडाची झडप) तळापासून वर घ्या आणि एकदम तीन तास उपसण्याऐवजी अर्धा-अर्धा तास अंतराने उपसा. एकदा खारट झालेली विहीर गोडी व्हायला एखादा पावसाळा पुरत नाही.

आता उन्हाळ्यातला रोजचा हिशेब मांडू. हिरवळीला चौरस मीटरला ५ लिटर, म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० लिटर. मोठ्या माडाला ४०-५० लिटर. लहान झाडाला ८-१० आणि झुडपाला ४ लिटर. २ गुंठे हिरवळ, ८ माड, २५ झाडे आणि १५० झुडपे धरली तर रोज २,२०० लिटर लागतात, आणि त्यातले १,००० लिटर एकट्या हिरवळीचे. म्हणून हिरवळ घराच्या पुढ्यात एक-दोन गुंठ्यांपुरतीच ठेवा, तीही आडोशाला. मेक्सिकन लॉन दिसायला देखणे, पण पाणी पिणारे आणि मचूळ पाण्यावर तुटकतुटक होणारे. किनाऱ्याला पास्पालम जातीचे लॉन सर्वांत सोसते. ते मिळाले नाही तर सरळ हरळी लावा. झाडाखालच्या सावलीत कुठलेच लॉन टिकत नाही, तिथे हट्ट धरू नका.

ठिबक लावताना पुळण लक्षात ठेवा. चिकणमातीत पाणी आडवे पसरते, वाळूत सरळ खाली जाते. झाडाला ताशी ८ लिटरचा एक ड्रिपर दिला तर पाणी एका बारीक नळकांड्यासारखे खोल निघून जाते आणि बाकीची मुळे कोरडी राहतात. त्याऐवजी ताशी २ लिटरचे चार ड्रिपर आळ्यात चारी बाजूंना बसवा आणि दिवसातून एकदा तासभर चालवण्याऐवजी सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास चालवा. झाड वाढेल तसे ड्रिपर बाहेर सरकवा. १२० मेशचा डिस्क फिल्टर हवा आणि तो आठवड्याला धुवायला हवा. तुषार सिंचन फक्त हिरवळीपुरते, आणि पाणी मचूळ असेल तर तेही नको, कारण पानांवर पाणी सुकते आणि मीठ मागे राहते.

पावसाळ्याचे गणित याच्या नेमके उलटे. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्याला सुमारे १०,००० लिटर, २० गुंठ्यांना २ लाख. अलिबागेत असे दिवस दर पावसाळ्यात येतात. भरावाच्या जमिनीत कडेने दीड फूट रुंद उघडी गटारे काढा आणि त्यांचा उतार शेजाऱ्याच्या वाडीत जाणार नाही हे आधीच बघा. पुळणीत पाणी जिरते, त्याचा फायदा घ्या. २,००० चौरस फुटांच्या छपरावर २,००० मिलिमीटरच्या पावसाळ्यात पावणेचार लाख लिटरच्या आसपास पाणी पडते. पन्हळीचे पाणी जाळी आणि खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. ५ फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात दगडगोटे. असे दोन-तीन खड्डे असले की मे महिन्यातल्या टीडीएसच्या आकड्यात काही वर्षांत फरक दिसू लागतो.

पुळणीची माती करणे

वाफ्यांसाठी वरचा एक फूट सुधारा. कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट ३ इंच पसरून खाली मिसळायचे. ४०० चौरस फुटांना १ ब्रास, म्हणजे १०० घनफूट, लागते. लाल माती मागवताना गाडी रिकामी करण्याआधी मूठभर माती ओली करून वळा. वळी वळली तर माती, भुगा होऊन सुटली तर तुम्हाला मुरूम आला आहे. खाजणाकडची किंवा खाडीतून काढलेली माती फुकट मिळाली तरी घेऊ नका.

झाडाचा खड्डा ३ फूट लांब-रुंद-खोल. तळाशी नारळाच्या सोडणांचे दोन थर, पोकळ बाजू वर करून. पाणी त्या वाट्यांत साठते आणि मुळे तिथपर्यंत उतरतात. वर २ भाग तिथलीच वाळू, १ भाग लाल माती, १ भाग शेणखत आणि १ किलो नीमपेंड. सगळी वाळू काढून टाकून नुसती भारी माती भरू नका. मुळे त्या मऊ खड्ड्यातच अडकतात, बाहेरच्या पुळणीत जातच नाहीत. माड लावताना खड्डा तीन चतुर्थांशच भरा आणि रोप खोलगट लावा, पुढे खोड वाढेल तशी माती चढवत न्यायची.

आच्छादन हे पुळणीतले निम्मे पाणी वाचवणारे काम आहे. पाचोळा, सोडणे, चिरलेल्या झावळ्या यांचा ३-४ इंच थर, खोडापासून ४ इंच मोकळे सोडून. घराच्या भिंतीलगत ३ फूट मात्र काहीच पसरू नका, तिथे विंचू-साप आणि वाळवी येते. खडीच्या खाली प्लास्टिकचा कागद अंथरण्याची पद्धत आमच्या मते बंदच व्हायला हवी. पावसाचे पाणी मुरत नाही आणि वरची खडी पहिल्या मुसळधारेत वाहून जाते.

कुठे काय लावायचे

वाऱ्याच्या भिंतीमागची पहिली ५०-६० फूट जागा अजूनही खारी असते. इथे जाड, मेणचट पानांची झाडे लावा: बकुळ, खुरचाफा, चिकू, माड, खाली बोगनवेल, नागदवणा, स्पायडर लिली, कोरफड. बकुळीला लोक बाजूला सारतात, कारण ती सावकाश वाढते. पण बारमाही हिरवीगार, वाऱ्याला खंबीर आणि सुवासिक अशी दुसरी झाडे इथे फार नाहीत. घराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात तिची दोन झाडे असावीतच.

घराच्या दोन्ही कडांना जास्वंद, एक्झोरा, तगर, कामिनी. घराच्या मागे, पूर्वेला, खरी नाजूक बाग: सोनचाफा, अनंत, मोगरा, जाई-जुई, हळद, हेलिकोनिया आणि फळझाडे. हापूस समुद्राच्या बाजूला लावला तर मोहोर खाऱ्या वाऱ्याने करपतो, त्याची जागा घरामागेच. कोकम आणि जायफळात नर-मादी झाडे वेगळी असतात. बियांची रोपे घेतली तर सात-आठ वर्षांनी झाड नर निघाल्याचे कळते, म्हणून मादी झाडाची कलमेच घ्या. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची रोपवाटिका किंवा परवानाधारक रोपवाटिका यांखेरीज कलमे घेऊ नका.

मागच्या भागाचा उत्तम नमुना शेजारीच आहे. नागाव, आक्षी, चौल, रेवदंड्याच्या जुन्या वाड्यांत वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर मिरीचा वेल, खाली केळ आणि जायफळ अशी रचना असते. बाहेर वारा घोंघावत असला तरी आत हवा दमट आणि शांत राहते. बंगल्यामागच्या ४-५ गुंठ्यांत अशी वाडी करा: माड २५ फुटांवर, मध्ये पोफळ ९ फुटांवर, माडाची रोपे सावली देऊ लागेपर्यंत केळीचा आधार. पाटाच्या कडेने चालायला दोन फुटी वाट. पाहुण्यांना समोरच्या हिरवळीपेक्षा इथेच जास्त बसावेसे वाटते.

माडाची जागा ठरवताना वर बघा. गाडीतळ, तरणतलाव आणि पायवाट यांच्यावर नारळ लोंबणार नाही, असे घरापासून किमान २० फूट लांब लावा. उंच बाणवली माड कडेला, बुटकी जात अंगणात. तरणतलावाजवळ बकुळ, बांबू, सुरू नको, रोज गाळ काढावा लागतो. पोफळ, नागदवणा, खुरचाफा चालतात, कारण त्यांची पाने मोठी असतात आणि हाताने उचलता येतात. सेप्टिक टँकपासून मोठी झाडे १५-२० फूट दूर ठेवा.

काही झाडे टाळाच. गुलमोहर आणि सोनमोहर ठिसूळ, वादळात फांद्या छपरावर येतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मुरुड-श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यानंतर तरी घरालगत ठिसूळ झाड नको. झटपट कुंपण म्हणून खपवला जाणारा कोनोकार्पस मुळांनी गटारे फोडतो. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

दिवे, बिजागऱ्या, स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे घ्या. ३०४ प्रतीवर इथे वर्षभरात तांबूस डाग येतात. वाटांना गुळगुळीत कडप्पा नको. जांभ्याचा चिरा सुंदर दिसतो, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते, म्हणून पायऱ्यांवर तो खरबरीत टाकीचाच वापरा.

लागवडीचा काळ

समुद्राकडच्या तिन्ही ओळी पाऊस नीट लागल्यावर, जूनच्या उत्तरार्धात लावा. त्यांना अख्खा पावसाळा रुजायला मिळतो आणि वर शेडनेट असतेच. नाजूक झाडे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, वारा उतरल्यावर. मागच्या वाडीतली कलमे जुलैमध्ये. बांबूचा आधार रोपाच्या दोन्ही बाजूंना द्या, उंचीच्या एक तृतीयांशावर सैल बांधा आणि वर्षाने काढा. घट्ट बांधलेले खोड कधीच बळकट होत नाही.

पैसे आणि वेळ हाताशी कमी असतील तर पहिल्या वर्षी फक्त वाऱ्याची भिंत, शोषखड्डे आणि माड करा. अंगणाची बाग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

पाने काय सांगतात

झाडाच्या फक्त समुद्राकडच्या पानांची टोके करपली असतील तर मीठ हवेतून आले आहे. गोड्या पाण्याने पाने धुवा, शक्यतो वारा थांबल्यावर एक-दोन दिवसांत, आणि आडोसा तपासा. सगळ्या बाजूंची जुनी पाने कडांपासून तपकिरी होत असतील तर मीठ पाण्यातून किंवा मातीतून आले आहे. अशा वेळी खत वाढवणे हा सर्रास होणारा घात आहे, खतही शेवटी क्षारच. खत बंद करा आणि गोडे पाणी मिळत असेल तर आळ्यात दोन-तीन दिवस सावकाश, चौरस मीटरला १५० लिटर जिरवा. एरवी पावसाळा हे काम फुकट करतो.

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. पुळणीतल्या शिंपल्यांच्या चुन्यामुळे जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. एक्झोरा आणि जास्वंदीवर हे नेहमी दिसते. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. पान कोमेजलेले पण माती ओली, तर मुळे कुजत आहेत. पाणी थांबवा, निचरा करा.

माडाच्या नव्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले तर गेंडा भुंगा. तारेच्या आकड्याने तो शेंड्यातून ओढून काढा आणि वरच्या झावळ्यांच्या बेचक्यात वाळू आणि नीमपेंड समप्रमाणात भरा. हा भुंगा शेणखताच्या ढिगात वाढतो, म्हणून खताचा खड्डा झाकलेला आणि माडांपासून दूर ठेवा. सोंड्या भुंगा याहून घातक. तो खोडावरच्या जखमेत अंडी घालतो आणि आतून खोड पोखरतो. दिव्यांच्या माळा लावायला माडाला खिळे ठोकणे याच कारणासाठी बंद करा, माळ सुतळीने बांधा. हिरवी झावळी कापावीच लागली तर खोडालगत न कापता ४ फूट देठ ठेवा.

वर्षाची कामे

मोठ्या माडाला वर्षाला ५० किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. शेणखत आणि सुपर फॉस्फेट जूनमध्ये एकदम, युरिया आणि पोटॅश जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी असे तीन हप्त्यांत. पुळणीत एकदम दिलेला युरिया पावसाबरोबर खाली जातो आणि विहिरीत उतरतो. पोफळींवर पावसाआधी १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) घोसांवर फवारा आणि ४०-४५ दिवसांनी पाऊस उघडला की पुन्हा, नाहीतर कोळेरोगाने कोवळी सुपारी गळते.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात वादळाची तयारी संपवा. माडांच्या सुक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवा. झाडांची आतली गर्दी कमी करा, पण एकपंचमांशापेक्षा जास्त नको. शेंडा छाटून झाड बोडके करू नका, त्या ठिकाणी फुटणाऱ्या धुमाऱ्यांची पकड कच्ची असते आणि वाऱ्यात तेच आधी तुटतात. गटारे, पन्हळी आणि शोषखड्ड्यांच्या जाळ्या साफ करा, कुंड्या आडोशाला हलवा, शेडनेटच्या गाठी तपासा.

ऑक्टोबरात पाऊस थांबला की आठवड्याच्या आत आळी नव्याने बांधा, आच्छादन घाला, ठिबकच्या नळ्यांची टोके उघडून गाळ वाहू द्या आणि प्रत्येक ड्रिपर एकदा डोळ्यांनी पाहा. विहिरीचे टीडीएस मोजून आकडा तारखेसह पंपाच्या खोलीत भिंतीवर लिहा, म्हणजे माळी बदलला तरी नोंद तिथेच राहते.